शेल हेल्पर तपासायचाय? आधी तो फेल करून बघा

मी एका ओपन सोर्स प्रकल्पाच्या टेस्ट सुटमध्ये (टेस्टच्या संचात) येणारे शेल स्क्रिप्टचे पॅच, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, तपासते. त्यात माझा सगळ्यात जास्त वेळ हेल्परचे पॅच खातात. हेल्पर म्हणजे अनेक टेस्टना वापरता येईल असं दहा-बारा ओळींचं फंक्शन, दिसायला अगदी सरळ. पण उद्या त्याच्यावर शंभर-दोनशे टेस्ट उभ्या राहणार असतात. एक टेस्ट चुकली तर नुकसान तिच्यापुरतं राहतं. हेल्पर चुकला तर त्याच्या भरवशावरच्या सगळ्या टेस्ट एकदम खोटं बोलायला लागतात, आणि सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर) सगळं हिरवं दिसत असल्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

हे मी अनुभवातून शिकले. आमच्याकडे ‘फेल_व्हायलाच_हवं’ नावाचा एक हेल्पर आला होता. चुकीचा इनपुट दिल्यावर प्रोग्रॅम नीट नकार देतो का, हे बघण्यासाठी. आत एकच ओळ होती:

! "$@"

दिलेली कमांड चालव आणि निकाल उलटा कर. मी ती वाचली, पटली, मंजूर केली. कित्येक महिन्यांनी एका वापरकर्त्याची तक्रार आली की कॉन्फिगची फाइल रिकामी असली की प्रोग्रॅम कोसळतो. रिकाम्या फाइलची टेस्ट आमच्याकडे होती, रोज चालत होती, रोज पास होत होती. हाताने चालवून बघितलं तर एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना मिळणारा आकडा; शून्य म्हणजे यश, बाकी सगळं अपयश) आला १३९. प्रोग्रॅम सिग्नलने मेला की शेल १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवून देतो. म्हणजे १२८ अधिक ११, आणि ११ हा सेगमेंटेशन फॉल्टचा, मेमरीत नको तिथे हात घातल्याचा, सिग्नल. प्रोग्रॅम ‘ही फाइल चालणार नाही’ असं सांगून १ देणार, ही अपेक्षा. प्रत्यक्षात तो मरत होता, आणि उद्गारचिन्हाला १ काय नि १३९ काय, दोन्ही सारखेच. त्या दिवशी मी तो हेल्पर वापरणारी प्रत्येक टेस्ट हाताने चालवली. एकीत कमांडच्या नावातच टायपो होता. शेल १२७ देत होता, ‘अशी कमांडच नाही’ म्हणत होता, आणि टेस्ट पास!

गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या टेस्ट सुटमधला ‘टेस्ट_मस्ट_फेल’ हा हेल्पर याच कारणासाठी एवढा लांबलचक आहे. कमांड यशस्वी झाली तर तो फेल होतोच. पण ती सिग्नलने मेली किंवा १२७ आला तरीही फेल होतो आणि नेमकं काय झालं ते सांगतो. तिथला नियमही चांगला आहे: हा हेल्पर गिटच्या कमांडसाठीच वापरायचा; ग्रेप (मजकुरात हवी ती ओळ शोधणारी कमांड) वगैरेंसाठी साधं उद्गारचिन्ह पुरे. ग्रेप कोसळतो का हे तपासणं आपलं काम नाही, आपला प्रोग्रॅम कोसळतो का हे आहे.

तेव्हापासून हेल्परचा पॅच आला की मी आधी तो फेल करायला बघते. कोड वाचते त्यानंतर.

फेल कसा करायचा? पॅच आपल्या मशिनवर उतरवा आणि हेल्पर कुठल्या टेस्टमध्ये वापरलाय ते शोधा. त्यातली एखादी साधी टेस्ट निवडा, जिच्यात प्रोग्रॅम यशस्वी होणं अपेक्षित आहे. मग तीन गोष्टी एकेक करून बिघडवा. पहिली, अपेक्षित उत्तर बदला: तीनच्या जागी चार. दुसरी, ज्या फाइलवर हेल्पर काम करतो तिचं नाव बदला, म्हणजे फाइल सापडणारच नाही. तिसरी, ज्या प्रोग्रॅमची टेस्ट आहे त्याच्या जागी अशी स्क्रिप्ट ठेवा जी काहीही न छापता १ देऊन बाहेर पडते. तिन्ही वेळा टेस्ट लाल व्हायला हवी. एकदा जरी हिरवी राहिली तरी पॅच परत जातो, बाकीचा कोड कितीही सुबक असो. एवढं करायला दहा मिनिटं पुरतात, आणि कुठे खोलात जायचं तेही त्यातूनच कळतं.

एक खराखुरा नमुना घेऊ. फाइलमध्ये अपेक्षित तेवढ्याच ओळी आहेत का हे बघणारा असा हेल्पर मी अनेकदा पाहिलाय ($१ म्हणजे फाइलचं नाव, $२ म्हणजे अपेक्षित आकडा, ‘डब्ल्यूसी -एल’ ओळी मोजतं; नावं इथे देवनागरीत लिहिलीत):

ओळी_मोज () {
    लोकल फाइल=$१
    लोकल किती=$(डब्ल्यूसी -एल <$फाइल)
    [[ "$किती" == "$२" ]]
}

तीनच ओळी. पण यात मला पाच गोष्टी खटकतात आणि पाचही महत्त्वाच्या आहेत.

सगळ्यात घातक दुसरी ओळ. ‘लोकल’ ही स्वतःच एक कमांड आहे आणि तिचा स्वतःचा एक्झिट कोड असतो. फाइल नसेल तर कंसातली कमांड पडते, पण ‘लोकल’ने व्हेरिएबल तयार केलं म्हणून ओळीचा निकाल शून्य. पडलेल्या कमांडचा कोड तिथेच गडप होतो. ‘किती’ रिकामं राहतं. आता समजा हेल्पर वापरणाऱ्याने अपेक्षित आकडा दुसऱ्या एखाद्या व्हेरिएबलमधून दिलाय आणि त्या नावात टायपो आहे. म्हणजे $२ पण रिकामं. रिकाम्याची तुलना रिकाम्याशी, उत्तर खरं, टेस्ट पास. फाइल नाही, आकडा नाही, आणि तरी पास. उपाय सोपा आहे: आधी नुसतं ‘लोकल किती’ लिहायचं, आणि किंमत पुढच्या ओळीत द्यायची, शेवटी || रिटर्न १ लावून. शेलचेक हा स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारा प्रोग्रॅम ही चूक एससी२१५५ या क्रमांकाखाली दाखवतो, त्यामुळे पॅच पाठवणाऱ्याने तो आधी चालवावा असा माझा आग्रह असतो.

दुसरं, $१ आणि $फाइल यांना अवतरण नाही. फाइलच्या नावात स्पेस असली की डॅश या छोट्या शेलच्या जुन्या आवृत्त्यांत ‘लोकल फाइल=$१’ या ओळीचेच तुकडे होतात, आणि स्पेसनंतरचा भाग नवीन व्हेरिएबलचं नाव समजला जातो. ‘आमच्या टेस्टमध्ये स्पेस कुठून येणार?’ असा प्रश्न हमखास येतो. गिटने यावर जे केलंय ते मला फार आवडतं: त्यांच्या टेस्ट ज्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये चालतात त्याच्या नावातच मुद्दाम स्पेस ठेवलीय, ‘ट्रॅश डिरेक्टरी’. कुणी अवतरण विसरलं की पहिल्याच रनमध्ये कळतं. तुमच्या प्रकल्पात असं नसेल तर रिव्ह्यू करताना निदान आपल्या मशिनवर तरी स्पेस असलेल्या फोल्डरमध्ये टेस्ट चालवून बघा.

तिसरं, दुहेरी चौकटी कंस बॅश या शेलचे आहेत. फाइलच्या पहिल्या ओळीत बिन-एसएच लिहिलं असेल तर डेबियन आणि उबुंटूवर ती डॅशकडे जाते, आणि डॅशला हे कंस माहीत नाहीत. तो ‘अशी कमांड नाही’ म्हणून १२७ देतो. म्हणजे तिथे हा हेल्पर कायम फेल. वाईट असलं तरी निदान दिसतं. पण कुणी ‘ओळी तीन नसाव्यात’ हे तपासायला हेल्परच्या आधी उद्गारचिन्ह लावलं, की डॅशवर ती टेस्ट कायम पास. पुन्हा तोच १२७, पुन्हा तेच हिरवं.

चौथं, मॅकवर डब्ल्यूसी आकड्याच्या आधी स्पेस भरतं. अवतरणात मजकूर म्हणून तुलना केली की ‘   ३’ आणि ‘३’ वेगळे ठरतात. आकड्यांची तुलना आकडे म्हणूनच करा, एकेरी चौकटी कंसात -ईक्यू वापरून. याचा आणखी एक फायदा: एकेरी कंसात एखादी बाजू रिकामी असेल तर -ईक्यू कुरकुर करतो आणि फेल होतो. आपल्याला तेच हवंय.

पाचवं, फेल झाल्यावर हा हेल्पर तोंडातून शब्द काढत नाही. सीआयच्या लॉगमध्ये फक्त ‘टेस्ट १४ फेल’ एवढंच. ज्याच्या मशिनवर ती फेल झाली त्याला काही सुगावा नाही. हेल्परने फेल होताना तीन गोष्टी सांगायलाच हव्यात: काय अपेक्षित होतं, काय मिळालं, आणि ज्या फाइलमध्ये बघितलं त्या फाइलचा मजकूर. कधीतरीच फेल होणारी टेस्ट असेल तर तो लॉग हाच एकमेव पुरावा असतो. दुसऱ्यांदा ती फेल होईल तेव्हा होईल.

आता पाइपकडे, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या उभ्या रेघेकडे. हेल्परमध्ये ‘प्रोग्रॅम | ग्रेप’ दिसलं की मी थांबते. पाइपचा निकाल शेवटच्या कमांडचा असतो. प्रोग्रॅमने हवी ती ओळ छापली आणि मग तो कोसळला, तर ग्रेप समाधानी आणि टेस्टही समाधानी. आधी आउटपुट फाइलमध्ये घ्या, && लावा, मग त्या फाइलवर ग्रेप चालवा. एक ओळ वाढते, पण प्रोग्रॅमचा कोड हातात राहतो आणि टेस्ट फेल झाली तर बघायला फाइलही उरते.

इथे पुष्कळ जण ‘पाइपफेल’ सुचवतात: पाइपमधली कुठलीही कमांड पडली की पूर्ण पाइप फेल. तो पर्याय आता पॉझिक्सच्या (युनिक्स शेलसाठीच्या प्रमाण नियमांच्या) २०२४ च्या आवृत्तीत आलाय, पण जुन्या मशिनवरच्या शेलना तो ठाऊक नाही. आणि त्याची एक वेगळी खोड आहे. ‘प्रोग्रॅम | ग्रेप -क्यू’ मध्ये ग्रेपला पहिली जुळणारी ओळ मिळाली की तो लगेच निघून जातो. प्रोग्रॅम अजून लिहीत असेल तर त्याला सिगपाइप (पलीकडे वाचणारं कुणी उरलं नाही, असा सिग्नल) मिळतो आणि तो १४१ देऊन मरतो. पाइपफेल चालू असेल तर पूर्ण पाइप फेल. आउटपुट छोटं असलं, मशीन मोकळं असलं तर होत नाही. सीआयवर गर्दी असली की होतं. अशा एका टेस्टमागे मी दोन संध्याकाळी घालवल्या आहेत. फाइलमध्ये घेऊन ग्रेप केलं की हा प्रश्नच उद्भवत नाही.

‘सेट -ई लावलंय, त्यामुळे चुकलं की थांबेलच’ हे उत्तर आलं तर नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. हेल्पर ‘इफ’च्या अटीत, उद्गारचिन्हानंतर, किंवा && आणि || च्या डाव्या बाजूला बोलावला, की त्या फंक्शनच्या आतमध्ये सगळीकडे सेट -ई निष्प्रभ होतं. पहिली ओळ पडली तरी शेल दुसरीकडे जातो आणि फंक्शनचा निकाल शेवटच्या ओळीवर ठरतो. हेल्पर तर बहुतेक वेळा अशाच ठिकाणी वापरले जातात. म्हणून हेल्परच्या आत प्रत्येक पायरी && ने बांधलेली किंवा || रिटर्न १ ने संपवलेली असावी, हे मी डोळ्यांत तेल घालून बघते.

गिटमध्ये हे तपासायचं काम मशीनकडेच दिलंय. टेस्टच्या कोडच्या अगदी सुरुवातीला ११७ देणारी एक कमांड && ने जोडून चालवतात. साखळी अखंड असेल तर पुढचं काहीच चालत नाही आणि शेवटी ११७ च मिळतो. दुसरं काही मिळालं, तर मध्ये कुठेतरी && सुटलाय. इतकी साधी आणि इतकी चपखल युक्ती मी दुसरीकडे क्वचितच पाहिली. मात्र ती टेस्टच्या अंगातली साखळी तपासते. बाहेर लिहिलेल्या हेल्परच्या आत शिरत नाही. ते रिव्ह्यू करणाऱ्यानेच बघायचं.

फॉर लूप असेल तर खास लक्ष द्या. लूपचा निकाल म्हणजे शेवटच्या फेरीचा निकाल. पाच फाइली तपासल्या, पहिल्या चार चुकीच्या, पाचवी बरोबर: हेल्पर पास. लूपच्या आत || रिटर्न १ हवंच. आणि ‘कमांड | व्हाइल रीड’ असं लिहून आत चुकांचा काउंटर वाढवला असेल तर बॅश आणि डॅशमध्ये तो लूप सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत, चालतो. बाहेर आल्यावर काउंटर पुन्हा शून्य. म्हणजे चुका मोजल्या, पण सांगितल्या नाहीत.

कुठल्या शेलवर चालवून बघायचं? मी तीन बघते: डॅश, बिझीबॉक्सचा शेल (अल्पाइन लिनक्सवर तोच असतो), आणि बॅश ३.२. शेवटचा यासाठी की मॅकसोबत आजही तोच मिळतो आणि तो २००६ सालचा आहे. असोसिएटिव्ह अॅरे किंवा मॅपफाइल त्याला कळत नाहीत. बाकी नेहमीचे संशयित ओळखीचे आहेत. ‘सेड -आय’ (फाइल जागच्या जागी बदलणं) लिनक्सवर एका पद्धतीने लिहावं लागतं आणि मॅकवर दुसऱ्या. ‘एको’ला बॅकस्लॅश दिला तर डॅश त्याचा अर्थ लावतो, बॅश लावत नाही, प्रिंटफ वापरा. ‘सीक्व’ (ओळीने आकडे छापणारी कमांड) पॉझिक्समध्ये नाही. सॉर्टचा क्रम भाषेच्या सेटिंगप्रमाणे बदलतो, म्हणून एलसी_ऑल सुरुवातीलाच सी करून टाकायचं. हे सगळं पाठ करायची गरज नाही, चेकबॅशिझम्स (फक्त बॅशमध्ये चालणाऱ्या गोष्टी शोधणारा प्रोग्रॅम) आणि शेलचेक बरंच पकडतात.

हेल्पर संपल्यावर मागे काय उरतं, तेही बघा. आत ‘सीडी’ (फोल्डर बदलणारी कमांड) असेल आणि मध्येच काही फेल झालं, तर पुढची टेस्ट भलत्याच फोल्डरमध्ये सुरू होते. मग फेल होते तिसरीच टेस्ट, आणि लोक तिसरीकडेच शोधत बसतात. सीडी हवंच असेल तर गोल कंसात, सबशेलमध्ये. पण तिथे ठरवलेलं व्हेरिएबल बाहेर येत नाही हे ध्यानात ठेवा. ‘ट्रॅप’ (बाहेर पडताना किंवा सिग्नल आल्यावर काय करायचं ते ठरवणारी कमांड) तर हेल्परमध्ये असूच नये. टेस्टच्या मुख्य फाइलने लावलेला ट्रॅप तो पुसून टाकतो. ‘नाव=किंमत हेल्पर’ असं लिहून एकाच वेळेपुरतं एन्व्हायर्नमेंट बदलल्यासारखं वाटतं, पण पुढे फंक्शन असेल तर काही शेलमध्ये ती किंमत नंतरही चिकटून राहते. आणि हेल्परने घड्याळ वाचलं तर टेस्ट कधी ना कधी दगा देणारच. गिटमध्ये यासाठी खोटं घड्याळ आहे: ‘टेस्ट_टिक’ प्रत्येक वेळी बरोबर ६० सेकंदांनी पुढे सरकतो, आणि त्याची सुरुवात १११२९११९९३ या आकड्यापासून होते. तो क्षण ७ एप्रिल २००५ चा, गिटच्या स्वतःच्या पहिल्या कमिटचा. तो आकडा काय आहे ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

टेस्ट वगळणारे हेल्पर असतील, म्हणजे ‘अमुक प्रोग्रॅम नसेल तर सोडून दे’ छापाचे, तर सीआयचा लॉग उघडून प्रत्यक्ष बघा की निदान एका मशिनवर तरी टेस्ट चालली का. ऑटोमेक या बिल्डच्या साधनात ७७ म्हणजे ‘वगळली’. अटीत एखादं अक्षर चुकलं तर टेस्ट सगळीकडे वगळली जाते आणि अहवालात कुठेच लाल दिसत नाही.

आता शेरा कसा लिहायचा. हेल्पर पाठवणारी व्यक्ती बऱ्याचदा नवीन असते. चार ठिकाणी तोच कोड बघून तिने मेहनतीने तो एकत्र केलेला असतो. ‘हे चुकीचं आहे, पॉझिक्स वाचा’ असं उत्तर मिळालं तर ती परत येत नाही, आणि अशी माणसं मला गमवायची नाहीत. मी काय चालवलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, एवढं लिहिते. उदाहरणार्थ: ‘तुमचा पॅच डॅशवर चालवून पाहिला. निकालाच्या फाइलचं नाव मुद्दाम बदललं तरी टेस्ट ७ पास होते आहे. दुसऱ्या ओळीतला लोकल एक्झिट कोड लपवतोय असं दिसतं. किंमत वेगळ्या ओळीत, शेवटी || रिटर्न १ लावून दिलीत तर फेल होईल. तुमच्याकडेही बघाल का?’ समोरच्याला तेच स्वतः करून बघता येतं, आणि वाद घालायला जागा उरत नाही. स्पेस-टॅबच्या तक्रारी मी याच मेलमध्ये घालत नाही. त्या शेवटी, एका ओळीत, आणि ‘जमल्यास’ म्हणून.

कधीकधी हेल्परच नको, असं सांगावं लागतं. दोनच ठिकाणी वापरायचाय आणि आत एकच ग्रेप आहे, तर वाचणाऱ्याला दुसऱ्या फाइलमध्ये जाऊन शोधायला लावण्यापेक्षा तो ग्रेप तिथेच असलेला बरा. सहा पर्याय घेणारा हेल्परही मी परत पाठवते. त्याचे दोन किंवा तीन वेगळे हेल्पर होऊ शकतात.

सुधारलेला पॅच आला की तेच तीन बिघाड पुन्हा करून बघा, अगदी तेच, नवे नकोत. आणि शक्य असेल तर ते बिघाड टेस्ट म्हणूनच मागून घ्या. गिटमध्ये ‘टी००००’ या फाइलमध्ये टेस्टच्या यंत्रणेचीच टेस्ट आहे. फेल व्हायला हवं तिथे यंत्रणा फेल म्हणते का, हे ती तपासते. आमच्या ‘फेल_व्हायलाच_हवं’साठी आता अशा पाच टेस्ट आहेत. त्यातली एक दोन ओळींची स्क्रिप्ट चालवते, जी ‘किल -११ $$’ करून स्वतःला सेगमेंटेशन फॉल्टचा सिग्नल पाठवते आणि १३९ देऊन मरते. हेल्परने त्याला ‘फेल’ न म्हणता पास केलं, तर सीआय लाल होतो.